पैठणीचा नंबर आणि फोनांचा पूर

मी नाशिकला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल, तर तुम्ही माझ्याबरोबर कधी चहाच घेतला नाहीत, कारण पहिल्या घोटातच मी ते सांगून टाकतो! पण आज जे सांगणार आहे ते मी आपणहून कुणाला सांगत नाही. ते बायको सांगते. दर लग्नात, दर बारशाला, आणि दर वेळी पदरचे दोन आणे घालून. म्हणून म्हटलं, एकदा खरं काय ते माझ्याच तोंडून ऐका.

तर माझी मेहुणी वनिता. येवल्याची. पैठणी विणते. ती आणि तिच्याबरोबरच्या काही बायका इतकी वर्षं एका शेठच्या मागावर विणत होत्या. यंदा सगळ्यांनी कंबर कसली, आपली पैठणी आपणच विकायची! घरोघरी माग बसवले, नाशकात गंगापूर रोडला एवढंसं दुकान भाड्यानं घेतलं आणि वनिताच्या नवऱ्याला तिथं गल्ल्यावर बसवलं. सगळं जमलं, पण त्यांच्यातल्या रुक्मिणीबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेठनं त्यांना निरोप धाडला होता, "तुमची जागा अजून ठेवलीय. आठवडाभरात काय ते कळवा."

"दाजी, त्यांचा हात आमच्यात सगळ्यात चांगला," वनिता फोनवर रडकुंडीला आली होती. "त्या गेल्या ना, तर बाकीच्याही मागोमाग जातील. मग मी एकटी काय करू?"

"अगं, मी असताना तू कसली काळजी करतेस? तुला असा नंबर देतो की महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यातून फुकट लागेल आणि एकही फोन वाया जाणार नाही!"

बोललो! बायकोनं स्वयंपाकघरातून नुसतं माझ्याकडे बघितलं. ती अशी बघते तेव्हा मी जास्तच बोलतो.

आता हे जरा समजून घ्या, नाहीतर पुढची मजा जाईल. असा फुकटचा नंबर म्हणजे खरा फोन नसतो. कुणी तो फिरवला की एक्स्चेंजमधला स्विच फोन तिथंच धरून ठेवतो आणि आमच्या मोठ्या कॉम्प्युटरला विचारतो, "ह्याला कुठं पाठवू?" कॉम्प्युटर घड्याळ बघतो, मी काय सांगून ठेवलंय ते बघतो आणि म्हणतो, "पाठव गंगापूर रोडला." तेवढ्या वेळात माणूस कंटाळू नये म्हणून तिसरं यंत्र गोड आवाजात बोलत राहतं, "कृपया प्रतीक्षा करा." तिघं आपापलं काम बिनबोभाट करतात. आमच्या घरात तिघांचं असं एकदाही जमलेलं नाही!

मी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं, दुकान उघडं असेल तर फोन दुकानात, बंद असेल तर येवल्याला वनिताच्या घरच्या फोनवर. इथंच थांबलो असतो तर आज माझी इज्जत शाबूत असती.

पण दुसऱ्या दिवशी वनिता म्हणाली, "दाजी, घरचा फोन वाजला की मागावरून उठावं लागतं हो. सगळी तंद्री मोडते. घरी येणारे फोन परस्पर दुकानाकडे नाही का वळवता येणार?"

"एवढंच ना? आत्ता करतो!"

आणि केलं. पण सरळ दुकानाच्या नंबरावर वळवीन तर मी कसला? म्हटलं, उद्या दुकान हललं, नंबर बदलला, तर पुन्हा कोण निस्तरणार? त्यापेक्षा घरचा फोन वळवू या आपल्या नव्या फुकटच्या नंबरावर. तो कुठं पाठवायचं ते बघेल! केवढी दूरदृष्टी! समोरच्या टेबलावरचा देवरे, सटाण्याचा गडी, म्हणाला, "भाऊ, एकदा साहेबांना दाखवा."

"तू चहा पी," मी म्हणालो.

नंबर सुरू झाला त्या सकाळी मी एक्स्चेंजमध्ये सगळ्यांच्या आधी हजर. एकेक करून बाकीचे आले, साहेबही आले, तरी दुकान उघडायला अजून अवकाश होता. म्हटलं, आपणच लावून बघू. टेबलावरच्या फोनवरून नंबर फिरवला. पलीकडून गोड आवाज, "कृपया प्रतीक्षा करा." वा! रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि स्क्रीनकडे वळलो. त्या नंबरावर किती फोन आले हे तिथं दिसतं.

बघतो तर काय, आकडा धावतोय! दहा, वीस, चाळीस! डोळे चोळले. साठ!

"देवरे! अरे, इकडे ये! पूर आलाय पूर!"

देवरे आला. बघून त्याचाही आ वासला. मी साहेबांच्या केबिनमध्ये धावलो. साहेब म्हणाले, "अहो, सगळ्या लाइनी भरल्यात की! आणखी देऊन टाका." आणखी दिल्या. डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच त्याही भरल्या! साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांच्या नोकरीतली पहिली थाप, सांगतो तुम्हाला!

मी लगेच वनिताला मोबाइल लावला. "वनिता! फोन मावत नाहीत लाइनीत!"

"काय सांगता दाजी! पण आमच्याकडे तर एकही वाजला नाही."

"वाजेल कसा? तूच म्हणालीस ना घरी नको म्हणून? सगळे तिकडं जाताहेत!"

"पण दुकान तर अजून बंद आहे ना?"

"अगं, तू पैठणी विण, हे माझं खातं आहे!"

हे वाक्य बायको अजून माझ्या आवाजात म्हणून दाखवते.

नंबर सुरू होणार म्हणून सगळ्या वनिताकडे जमल्या होत्या, त्यामुळे पलीकडे बायकांचा एकच गलका. कुणीतरी हसतंय, कुणीतरी टाळ्या पिटतंय. इतक्यात वनिता ओरडली, "दाजी, रुक्मिणीबाईंनी आत्ता शेठला फोन करून कळवलं, येत नाही म्हणून! चांगलं ठणकावून सांगितलं!"

माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण बिचारं कसंबसं टिकलं. खालून जिलेबी मागवली. सगळ्या एक्स्चेंजला वाटली. तेवढ्यात डोक्यात आलं, पहिल्या गिऱ्हाइकाला आपण स्वतः फोन करून आभार मानावेत. केवढं छान वाटेल त्याला! कॉम्प्युटरमध्ये पहिल्या फोनचा नंबर काढला, मोबाइलवरून फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. म्हटलं, उत्साही माणूस दिसतोय! दुसऱ्याचा नंबर काढला. तोच नंबर. तिसऱ्याचा? तोच.

"देवरे, एकाच घरात किती लग्नं असतील रे?"

देवरे माझ्या खांद्यावरून वाकला. जिलेबी तोंडाशी नेलेली तशीच थांबली.

"भाऊ," तो हळूच आपल्या अहिराणीत म्हणाला, "हाऊ तर तुमनाच टेबलना नंबर शे."

माझ्याच टेबलाचा? मी वळून बघितलं. रिसीव्हर आडवाच पडला होता. आतून बाई अजून गोड आवाजात सांगत होती, "कृपया प्रतीक्षा करा."

आता आलं ना लक्षात? दुकान बंद, म्हणून कॉम्प्युटरनं माझा फोन येवल्याला पाठवला. येवल्याचा फोन मी नव्या नंबरावर वळवलेला, म्हणून तो नव्या नंबरावर परत आला. दुकान बंदच, म्हणून पुन्हा येवल्याला! दर फेरीला एक लाइन खात माझा एकच फोन नाशिक-येवला, नाशिक-येवला करत सुटला होता. सगळ्या यंत्रांनी आपापलं काम चोख केलं होतं. त्यांना एकमेकांत गुंतवणारा शहाणा मी!

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. धावणारा आकडा जागच्या जागी थांबला आणि भरलेल्या लाइनी एका क्षणात रिकाम्या झाल्या. एक्स्चेंजमध्ये नुसता जिलेबी चावल्याचा आवाज.

हसू नका. रुक्मिणीबाईंनी माझ्या शब्दावर परतीची वाट बंद केली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, खरोखर कुणी फोन लावला असेल तर त्याला सकाळभर एंगेज लागला असणार! आधी तो येवल्याचा गुंता सोडवला, मग वनिताला मोबाइल लावला आणि सगळं सांगितलं.

ती गलक्यातून जरा बाजूला आली.

"दाजी," ती म्हणाली, "आता मी रुक्मिणीबाईंना कोणत्या तोंडानं सांगू?"

तेवढ्यात पलीकडे, तिच्या घरात, जुना लँडलाइन वाजला! कारण दुकान अजून बंद, आणि माझी कारागिरी काढून टाकलेली. वनितानं माझा मोबाइल तसाच हातात ठेवून तो उचलला आणि स्पीकरवर टाकला. मलाही सगळं ऐकू येऊ लागलं.

"काय वं बाई!" पलीकडे एक ठसकेबाज बाई कडाडली. "सकायपासून फोन लावी राह्यनू! जवय देखो तवय एंगेज!"

"माफ करा मावशी, चुकलं आमचं."

"माफी कसानी? इतला एंगेज म्हनजे माल चांगलाच व्हई! पोरीनं लगीन शे. नवरीले एक पैठणी, आनि वरमायले एक. दुसऱ्या कोनले देऊ नका हां, मना नंबर पहिला!"

मागं बायकांनी असा कल्ला केला की नाशकापर्यंत फोनशिवाय ऐकू आला असता. त्यात रुक्मिणीबाईंचा आवाज सगळ्यात वर होता, "जांभळी हवी का म्हणावं, जांभळी? माझ्या मागावर तयार होतेय!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

"पन काय वं," मावशींनी विचारलं, "इतला येळ कोन गिऱ्हाईक बशेल व्हतं लाइनवर?"

मला नीट ऐकू यावं म्हणून वनिता मोबाइल तोंडाजवळ आणून म्हणाली,

"घरचंच आहे हो मावशी. घेत काही नाही, नुसता फोन लावून बसतं!"