चौदा नंबरचा प्लॉट आणि शांताक्कांची कमेंट

मंडळी, माझ्या प्लॉट-दलालीच्या ऑफिसचा बोर्ड मी स्वतः रंगवला, प्लॉटचे नकाशे हातानं काढले, मोबाईलवर बघून बघून व्हिडिओ जोडायला शिकलो आणि 'आपलं संतपूर' हा ग्रुपही मीच उभा केला. म्हणून सकाळी नव्या लेआउटच्या माझ्या व्हिडिओखाली म्हशीवाल्या शांताक्कांची कमेंट वाचून डोकं तापलं.

"अण्णा, उन्हाळ्यात व्हिडिओ कामून काढलास? पावसाळ्यात चौदा नंबरात आमच्या म्हशी पवत्यात!"

आणि त्याच प्लॉटचा इसार आज दुपारी आपल्या ग्रुपमधले रिटायर्ड बस ड्रायव्हर माणिकअप्पा देणार होते. आयुष्यभराची कमाई.

फावडं घेऊन गेलो. हातभर खणलं, तर खाली नाल्याची वाळू आणि शिंपले.

तिथूनच अप्पांना फोन लावून सांगितलं, इसार देऊ नका. ते हसले, "बरं झालं बाबा! घरासंगं नाव बी घ्यावी लागली असती." तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

शांताक्कांची कमेंट आता सगळ्यात वर ठेवली आहे. बाकीच्या प्लॉटवर पावसाळ्यात काय होतं, तेही लिहा ना.

ती कमेंट काढा म्हणून लेआउटवाल्याचा आत्ताच फोन आला होता. मी न्हाई म्हणालो. देत होता दोन लाख रुपये.