कमलताईंचा तीळ

दर गुरुवारी जेवण उरकलं की कृष्णराव रंगपेटी काखोटीला मारून घराबाहेर पडत, आणि कमलताईंच्या जिवाचा जळफळाट सुरू होई.

पेटी साधी नव्हती. एके काळी इंदूरच्या मराठी नाटकांत कमलताई नायिका होत्या आणि कृष्णराव रंगभूषाकार. त्या पेटीतल्या रंगांनी त्यांनी ताईंना राणी केलं, विधवा केलं, अल्लड पोर केलं आणि शेवटी स्वतःची बायको केलं. पहिल्या घंटेआधी त्यांची बोटं हनुवटीखाली टेकली की ताईंना वाटे, नाटक गेलं खड्ड्यात, हा माणूस असाच बघत राहो. पुढे नाटकं थांबली, मंडळी पांगली. बडा गणपतीजवळच्या घरात पेटी कपाटावर धूळ खात पडली. ताईंची तक्रार नव्हती. पेटी आपली होती आणि आपल्याबरोबर म्हातारी होत होती.

आता ती उघडत होती सिमरोलच्या रस्त्यावर, कॅथलिक सिस्टरांच्या आश्रमात. घरच्यांना नकोशी झालेली, फुटपाथवर पडलेली आजारी माणसं सिस्टर तिथे आणत आणि शेवटपर्यंत सांभाळत. एका जुन्या नटाला भेटायला म्हणून कृष्णराव गेले, चार म्हाताऱ्यांच्या दाढ्या करून आले आणि तिथलेच झाले. सिस्टर रोझलिन म्हणतात, श्वास आहे तोवर माणूस देवाचा पाहुणा, असं ते घरी येऊन सांगत. ताईंना ते पटे. दाढ्यांबद्दल त्यांचं काही म्हणणंच नव्हतं. पण हळूहळू बोलण्यात गंगा यायला लागली. गंगाचे केस, गंगाचे डोळे, गंगाच्या गालांची ठेवण.

ताईंनी शेजारच्या प्रमोदिनीकडे मन मोकळं केलं, तर ती हसायलाच लागली. “काय काकू तुम्ही पण! काकांना जिना चढताना दम लागतो, सवत कुठून आणणार ते?”

त्या गुरुवारी ताई जरीकाठी साडी नेसून नवऱ्यासोबत रिक्षात बसल्या.

गंगा खिडकीजवळच्या खाटेवर होती. अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली. नाव सिस्टरांनीच ठेवलेलं. जन्मतारीख कुणाला ठाऊक नसली की, ज्या दिवशी माणूस दारात आलं तोच त्याचा वाढदिवस, अशी आश्रमाची रीत. आज गंगाचा होता. व्हरांड्यात खुर्ची सजवली होती, शिऱ्याचा वास सुटला होता.

कृष्णरावांनी पेटी उघडली. त्यांची बोटं गंगाच्या हनुवटीखाली टेकली आणि ताईंनी पदर घट्ट मुठीत धरला. पेंट झाला, पावडर झाली. भुवई बाहेरच्या बाजूला किंचित उचलली. शेवटी पेन्सिलीने डाव्या गालावर एक तीळ. मग मागे सरून, मान तिरकी करून ते म्हणाले, “कसं दिसतंय?”

समोर कमलताईच बसल्या होत्या. तीच भुवई, तोच तीळ. त्या माणसाने इतक्या गुरुवारांत गंगाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. बोटांना एकच बाई रंगवता येत होती.

ताईंच्या मनातली सवत गेली. पण तीळ मात्र सहन झाला नाही. त्या उठल्या आणि पदराच्या टोकाने तो खसाखसा पुसू लागल्या. “हा माझा आहे,” त्या म्हणाल्या.

तिळाबरोबर पेंटही निघाला आणि गालावर हिरवे ठिपके दिसले. गोंदण. गंगाने धड असलेला हात उचलून ताईंचा पदर हनुवटीकडे ओढला. तिथेही पुसलं. तिथेही ठिपके. ती बोटाने एकेक ठिपका चाचपू लागली आणि तिचं अर्धं तोंड हसलं.

सिस्टर रोझलिन दारातून हळूच म्हणाल्या, “दादाजी, आप जाते हो ना, तो ये हर बार तकिए से मुँह रगड़ती है. हम समझे, खुजली होती है.”

कृष्णरावांनी हातातला स्पंज पेटीत ठेवला. ताईंना त्यांची दया आली, आणि गंगाची त्याहून जास्त. देवाच्या या पाहुणीला हे दर आठवड्याला दुसरीचा चेहरा घालून बसवत होते.

“अहो, मिटा ती पेटी,” त्या म्हणाल्या. “माझा चेहरा घरी रंगवत जा. इथे नुसते केस विंचरा.”

त्यांनी फणी उचलून दिली. मग क्षणभर विचार केला आणि परत काढून घेतली.

“केसही मीच विंचरते.”