बेव्हनचा बाण

हुऑन नदीकाठच्या त्या गावात बेव्हन ट्रेथेवी दोन गोष्टींसाठी ओळखला जाई. एक, चौकटी आणि बाण जोडून आकृत्या काढणारी त्याची सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे कुणीही वापरावा असा तयार कोड, जी तो जगाला फुकट वाटे. आणि दुसरी, त्याच्याकडे चहाआधी होणारी उलटतपासणी. दूध आधी की नंतर? कप मोठा की लहान? समोरच्याला न विचारता त्याच्या वतीने काही ठरवणं बेव्हनला दांडगाई वाटे.

हाच स्वभाव त्याच्या कोडमध्ये उतरला होता. दोन चौकटींमध्ये बाण काढणारं त्याचं एक फंक्शन होतं, ‘जोड’. जन्मलं तेव्हा ते कुठून आणि कुठे, एवढंच विचारी. मग नॉर्वेतल्या कुणाला बाणाला माशाचं तोंड हवं झालं, चिलीतल्या बाईंना डावीकडे वाकणारा बाण. बेव्हनला नाही म्हणवेना. मागणीगणिक फंक्शनला नवा प्रश्न चिकटला, आणि एकाचंही उत्तर राहिलं तर ते बाण काढायलाच नकार देई. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी.

आता गाठ घरातच पडली. त्याची बायको ग्लेनिस गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाची चिटणीस. वणव्याचे दिवस तोंडावर आलेले. आग लागली की कोणी कोणाला फोन करायचा, त्या साखळीची आकृती काढून दलाच्या ठाण्यात लावायची होती. नवऱ्याचीच लायब्ररी म्हणून ती कौतुकाने बसली आणि पहिल्याच बाणाला अडली.

“बेव्ह, हे विचारतंय बाणाचं शेपूट बोथट हवं की टोकदार. बाणाला शेपूट कशाला?”

“काहींना लागतं गं.”

“मला नकोय.”

“मग ‘नको’ लिही. पण नको म्हणजे बोथट नको, की—”

“नाकापेक्षा मोती जड झालाय तुझा! रविवारपर्यंत हे सरळ कर, नाहीतर दुसऱ्या कुणाची लायब्ररी घेते. आणि का घेतली ते ठाण्यात सगळ्यांना सांगते.”

अख्खं जग बेव्हनची लायब्ररी सोडून गेलं असतं तरी चाललं असतं, पण ठाण्याच्या भिंतीवर बायकोने परक्याच्या लायब्ररीतून काढलेली आकृती त्याला बघवली नसती. तरी कुठला प्रश्न काढावा ते ठरेना. प्रत्येक प्रश्नामागे एक माणूस उभा होता.

शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर निधी जमवायला दलाचा सॉसेजचा स्टॉल लागला आणि चिमटा बेव्हनच्या हाती आला. पावाची स्लाइस, त्यावर सॉसेज, कांदा. त्यात विचारायचं काय? पण बेव्हन तो बेव्हनच. “पाव पांढरा की तपकिरी? कांदा खाली की वर? सॉसेज सरळ ठेवू की तिरकं?” रांग पार गाड्यांपर्यंत गेली.

“अरे मित्रा,” रांगेतून दलातलाच म्हातारा रॉस ओरडला, “सॉसेज देतोयस की गृहकर्ज?”

ग्लेनिसने चिमटा हिसकावला. पाव, सॉसेज, कांदा, की पुढचा. “कांदा नको असेल तो बोलेल. तोंड आहे त्यांना.”

आणि खरंच, नको होता ते “कांदा नको” म्हणाले, बाकीचे खात चालू लागले. कुणाचाही अपमान झाला नाही. बेव्हन रिकाम्या हातांनी बघत राहिला.

घरी पोचताच तो कामाला बसला. माशाचं तोंड, डावं वळण, शेपूट, काहीच त्याने फेकलं नाही. ज्याला हवं त्याने मागावं. न मागणाऱ्याला साधा, काळा, सरळ बाण. ‘जोड’ पुन्हा कुठून आणि कुठे, एवढंच विचारू लागलं.

रविवारी ग्लेनिसने चहा निवायच्या आत साखळी काढली. ठाण्याच्या भिंतीवर ती बघून बेव्हनचा ऊर भरून आला. मग त्याला स्वतःचं नाव दिसलं, अगदी शेवटच्या चौकटीत. रॉसकडून त्याच्याकडे बाण येत होता, त्याच्याकडून कुणाकडेच जात नव्हता.

“ग्लेन, माझा बाण राहिला.”

“राहिला नाही. तू फोनवर सतराशे साठ प्रश्न विचारशील, तोवर गाव जळेल.”

रॉस खो खो हसला. बेव्हन आत गेला आणि कुणालाही न विचारता सगळ्यांसाठी दुधाचा चहा घेऊन आला.

“मला बिनदुधाचा,” रॉस म्हणाला. बेव्हनने त्याला बिनदुधाचा आणून दिला.

ग्लेनिसने हे पाहिलं. खिशातलं पेन काढून तिने बेव्हनच्या चौकटीपुढे एक साधा, सरळ बाण ओढला आणि त्याच्या टोकाशी स्वतःचं नाव लिहिलं.

“आग लागली की मला उठव,” ती म्हणाली. “नुसतं उठव.”