बाभळीवरच्या थैल्या

दिग्रसच्या बाजारात मी भाजी घेत होते. शकीलाचा धाकटा भाऊ रशीद यवतमाळच्या बसमधून उतरून थेट माझ्यापाशी आला. म्हणाला, "सुमनताई, आपा गेली. कावीळ झालती." मला आधी रडू आलंच नाही. शेवटी तिच्या उशाशी कोण होतं, एवढंच मी विचारलं. त्याने तिच्या दोन विद्यार्थिनींची नावं सांगितली, आणि मला त्या मुलींचा राग आला...

छप्पन साली शकीला आणि मी इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. ती कापसाच्या जिनिंगमधल्या मिस्त्रीची मुलगी, मी पोस्टमास्तरांची. पदवी सारखी, डोळे मात्र सारखे नव्हते. गावाबाहेरच्या बाभळीवर काड्यांची एक बोटभर जुडी पहिल्यांदा मला दिसली. वाळका कोष असेल, म्हणून मी पुढे निघालेसुद्धा. शकीला फांदीसमोर उभीच राहिली. थोड्या वेळाने जुडीतून एक डोकं बाहेर आलं, अळीने पायांनी फांदी धरली आणि सगळी जुडी ओढत ती पुढे सरकली. "पाह्य सुमन, घर घेऊनच फिरून राह्यली हे!" आत रेशमाचं अस्तर, बाहेर स्वतः कुरतडून चिकटवलेल्या काड्या. त्यावरून तिने कूळ ओळखलं: थैलीवाले पतंग. या कुळातल्या बहुतेक माद्यांना उडता येत नाही. मादी थैलीतच राहते, नर उडत तिथवर येतो. दिसली मला, ओळखली तिने.

नागपूरहून एक प्राध्यापक मुद्दाम पाहायला आले. तिला म्हणाले, "शाबास! पण नर निघालेला पाहिल्याशिवाय छातीठोक सांगू नका." थैली आधी मला दिसली, हे तिने त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे चहाचा कप पुढे केला आणि म्हणाले, "साखर जरा जास्त झाली." त्या दिवशी मी तिच्याशी बोललेच नाही.

मग तिला मुदतीचा ताप आला. नर निघताना पाहायला तिने जाळीखाली ठेवलेल्या थैल्या माझ्या खोलीत आल्या. रोज बाभळीचा पाला मीच घालायची. एका सकाळी पाहते, तर एका थैलीच्या खालच्या तोंडातून कोषाचं रिकामं टरफल अर्धं बाहेर आलेलं, आणि जाळीवर एक पतंग फडफडतोय. मी धावतच तिच्या घरी गेले. ऐकून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"थैल्या माह्या, अन् पाह्यलं तू! मले ताप आताच काहून आला?"

खोटं कशाला बोलू, उभ्या दिग्रसात माझ्याएवढं सुखी तेव्हा कोणी नसेल. मग ती पुटपुटली, "पंख कसे होते?" मी लगेच सांगितलं नाही. एकेक गोष्ट तिला विचारायला लावली: तपकिरी पंख, पिसांसारख्या मिशा, केसाळ अंग... ती डोळे मिटून ऐकत राहिली.

पुढे ती यवतमाळच्या कॉलेजात गेली, मी इथेच राहिले. तिथे वर्गात दरवर्षी ती सांगायची म्हणे, "नर सुमननं पाह्यला, म्या नाई." हे मला रशीदनेच सांगितलं. तिने स्वतः मला कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात यवतमाळला तिच्या खोलीवर जाऊन आले. खिडकीशी वेताची खुर्ची तशीच आहे. "आपा कोनाले बसू देत नव्हती," रशीद म्हणाला. मी बसले. समोर शेजाऱ्यांच्या कुंपणाचं बोराचं झाड. ती रोज इथून काय पाहायची? ऊन उतरेपर्यंत फांदी न् फांदी न्याहाळली. मला काहीच दिसलं नाही.

तिला दिसलं असतं.