चाळीस फूट डांबर

सीमाभागातल्या आमच्या गावी, हिंडलग्याकडच्या रस्त्याला घर बांधलं, तेव्हा फाटकापासून पोर्चपर्यंत चाळीस फूट फरशी घाला असं सगळ्यांनी सांगितलं. मी डांबर घातलं. उद्यमबागेतल्या फौंड्रीत उभी हयात मी लोखंडाच्या ओतीव कामातल्या चिरा शोधण्यात घालवली. रॉकेल लावून पुसायचं, वर खडूची पूड मारायची, चीर असली की रेघ आपोआप उमटते. असल्या माणसाला घरी आल्यावरही काहीतरी उद्योग पाहिजे, आणि फरशीला म्हणाव्या तेवढ्या चिरा पडत नाहीत.

डांबराचं तसं नाही. त्याला ऊन बाधतं, पाणी बाधतं, स्कूटरमधून ठिबकलेलं पेट्रोल तर लईच बाधतं. मी सगळ्यावर उपाय शिकलो. पावसाच्या आधी केसाएवढी चीरसुद्धा तारेच्या ब्रशानं खरवडायची, आतलं गवत उपटायचं, दोन दिवस कडक उन्हात वाळू द्यायची, मग गरम डांबर ओतून वर बारीक खडीची चुरी दाबायची. ओल्या चिरेत डांबर ओतणारा माणूस म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणारा कंपाउंडर. कडेला मातीचा भराव पाहिजे, नाहीतर कडा ढासळतात. आणि पाणी म्हणाल तर कुठंही बशीभरसुद्धा साचता कामा नये.

हे झालं डांबराचं. घरच्या माणसांसाठी कायदे वेगळे होते. सडा फाटकाबाहेर टाकायचा. उन्हाळ्यात सायकल असो की स्कूटर, स्टँडवर लावायची नाही, स्टँड डांबरात रुततो. आणि गाडी उभी ठेवून स्टेअरिंग फिरवायचं नाही, कारण चाकाखाली डांबर पिळवटून निघतं. बायको म्हणायची, "सीमाप्रश्न सुटंल एकवेळ, पण ह्यांच्या डांबरावर पाय ठेवायची परवानगी मिळायची न्हाय." आमची एकुलती एक मुलगी मात्र कधी काही बोलली नाही. ती सायकल शेजाऱ्यांच्या अंगणात शिकली आणि घरात येता-जाता डांबराच्या कडेनं, मातीवरून चालायची सवय तिनं लावून घेतली. मला त्याचं कौतुक वाटायचं. पोरगी शिस्तीची आहे म्हणून चार लोकांत सांगायचो.

तिचं लग्न मे महिन्यात ठरलं. लग्न कार्यालयात, पण मुहूर्तमेढ घरीच. त्यासाठी निपाणीकडून माझे थोरले भाऊ, अण्णा, चार दिवस आधीच आले. एका हातात उंबराची फांदी, दुसऱ्या हातात पहार. ती पहार बघूनच मी कडेच्या वाफ्याकडं बोट दाखवलं.

"वाफ्यात रोवूया," मी म्हणालो.

"गुलाबाचं लगीन हाय व्हय?" अण्णा म्हणाले. "मेढ दारासमोर असतीया, उजव्या अंगाला."

दारासमोर उजव्या अंगाला डांबर होतं. त्या वर्षी एकही चीर नसलेलं. अण्णांनी पहार उचलली आणि मी ती वरच्यावर धरली. हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बायका उभ्या, आणि दोघे म्हातारे भाऊ एका पहारीला लोंबकळतायत. शेवटी मी रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा आणला, त्यात वाळू ठासून भरली, वर पाणी मारलं.

"मेढ जमिनीत रोवत्यात रं," अण्णा म्हणाले. "डब्यात तुळस लावत्यात."

मुलगी पुढं आली. "राहू द्या अण्णाकाका, डब्यात चालंल," ती म्हणाली. "पप्पांना न्हायतर झोप लागायची न्हाय."

सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नव्हती, हे मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आत गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "पोरीच्या लग्नाला चार बोटं जमीन देववली न्हाय तुमच्यानं." मला राग आला. कुणी खरं बोलल्यावर येतो तसला.

लग्न झालं, मुलगी पुण्याला गेली. मेढ काढायला मी डबा उचलला आणि खाली बघितलं. ओल्या वाळूचा तो भार पाच दिवस मे महिन्याच्या उन्हात एका जागी उभा होता. डांबरात ताटाएवढा गोल खड्डा, आणि भोवती चिरांचं कडं. उभ्या जन्मात सायकलचा स्टँड लावू दिला नाही, आणि हे मी स्वतःच्या हातानं करून ठेवलं. अण्णांच्या पहारीनं वीतभर भोक पडलं असतं, तासाभरात बुजवलं असतं.

पावसात तिथं पाणी साचायला लागलं. बशीभर नव्हे, परातभर. मी भरलं नाही. ओल्यात भरू नये, हे कारण तयार होतंच. खरं म्हणजे त्या खड्ड्याकडं बघितलं की एकच विचार यायचा, की ह्या घरात आपल्यापेक्षा डांबराचा मान मोठा होता, असं समजून पोरगी गेली. फोनवर विचारायचं धाडस झालं नाही. तिथलं हवापाणी विचारायचो.

दिवाळसणाला ती जावयाबरोबर आली. मी फाटक सताड उघडून उभा होतो. गाडी रस्त्यावरच थांबली आणि ती पिशव्या घेऊन खाली उतरली.

"आत का न्हाय आणली?" मी विचारलं.

"सवय," ती म्हणाली.

मी जावयाला हातानं खुणावलं, आणा, आत आणा. त्यानं आणली. पोर्चसमोर वळवायला जागा पुरेना, म्हणून गाडी उभी ठेवली आणि करकरा स्टेअरिंग फिरवायला लागला. पुढची चाकं जागच्या जागी डांबर दळत होती. मी दात-ओठ आवळून उभा. पहिला दिवाळसण, घरचा जावई. त्याला कोण बोलतं?

मुलगी माझ्याकडंच बघत होती. एकदा चाकाकडं, एकदा माझ्याकडं. तिचा चेहरा उतरत चालला होता, आपल्याच घरी पाहुणी म्हणून आल्यासारखा.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "बोला की."

मी बोललो. "जावईबापू, गाडी उभी ठेवून स्टेअरिंग फिरवायचं न्हाय. डांबर पिळवटतं."

त्यानं चटका बसल्यासारखे हात काढले. बायकोनं दारात कपाळाला हात लावला. मुलगी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि पिशव्या घेऊन, डांबराच्या मधोमध चालत, घरात गेली.