मागच्या सीटवरचे सहा आवाज

आमच्या लेकीला ऐकू येत नाही, हे कळायलाच आम्हाला दोन वर्षं लागली. घरातले म्हणायचे, तिचा बापही उशिराच बोलला होता. कानाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. आत एक यंत्र बसवलं, बाहेर कानामागे मशीन, आणि मशीनच्या वायरीला एक गोल चकती, जी चुंबकाने डोक्याला चिकटून राहते. चकती चिकटली की तिला ऐकू येतं. काढली की सगळं बंद.

पण ऐकू आलं म्हणजे बोलता आलं, असं नसतं. ते शिकवावं लागतं. अमरावतीत ज्या मॅडम तिला शिकवत होत्या त्यांच्याकडे ती खुलायला लागली होती, आणि नेमक्या त्याच लग्न होऊन अकोल्याला गेल्या. दुसरीकडे दोन महिने नेऊन पाहिलं. तिथे लेक भिंतीकडे तोंड करून बसायची. मग आठवड्यातून दोनदा अकोला सुरू झालं. मॅडम खोटा धीर देत नसत. "पाच वर्षांच्या आत जेवढं कानावर पडेल तेवढं पडू द्या," त्या म्हणाल्या. "नंतर फार जड जातं." लेक तेव्हा सव्वाचार वर्षांची होती आणि तिला एकही शब्द येत नव्हता.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, नवरा शेतांमध्ये ठिबकच्या नळ्या बसवून देतो. न्यायचं काम माझ्याकडे होतं. बसमध्ये बसलं की खिडक्या खडखडायला लागायच्या, हॉर्न, घंटी, कोणाच्या तरी मोबाइलवरची गाणी. तिला तो गोंधळ सहन व्हायचा नाही. बडनेरा यायच्या आत ती चकती ओढून काढायची आणि मुठीत धरून बसायची. जायचे दोन तास, यायचे दोन तास, मुक्या कानाने. मी बाहेर बघत महिने मोजायची.

एक दिवस मूर्तिजापूरच्या स्टँडवर पाहिलं तर तिची मूठ रिकामी. मशीनही नव्हतं कानामागे. मी कंडक्टरला हाक मारली. कंडक्टरने बस थांबवून ठेवली. माणसं सीटखाली वाकली, एका बाईने मेथीच्या जुड्यांची आपली पिशवी झाडून दाखवली. मी गुडघ्यांवर फिरत होते, शेंगांच्या फोलकटांतून हात फिरवत. शेवटी सापडलं. चकती पुढच्या सीटच्या लोखंडी पायाला जाऊन चिकटली होती आणि मशीन खाली लोंबत होतं. अकोल्यात उतरले. क्लासला नेलंच नाही. स्टँडवरच्या बाकावर बसून नवऱ्याला फोन केला.

"गाडी घ्या. कोनतीबी घ्या. मी आता बसनं जानार नाही."

नवी घेण्यासारखी आमची ऐपत नव्हती, म्हणून जुनीच पाहायची ठरली. नवऱ्याला कॉलेजपासून उघड्या जीपचं वेड. त्याला चालवायला मजा येईल अशी गाडी हवी होती आणि मला मागच्या सीटवर बोललेलं ऐकू येईल अशी. तिला किती ऐकू येतं ते ओळखायची एक सोपी रीत मॅडमनी सांगितली होती. आपण तोंडासमोर ओढणी धरायची, म्हणजे ओठ दिसत नाहीत. मग एकेक आवाज काढायचा: आ, ई, ऊ, म, स, श. ऐकू आला की लेक एक रंगीत कडी खुंटीवर घालते. क्लासच्या शांत खोलीत ती सहाच्या सहा कड्या घालायची.

पहिली गाडी अमरावतीतल्याच एका डीलरकडे पाहिली. पांढरी, डिझेलची, चकचकीत पुसलेली. नवरा चालवत होता, डीलर शेजारी, मी मागे ओढणी धरून. रस्त्याला लागल्यावर लेकीने फक्त तीन कड्या घातल्या. डीलर मान वळवून बघत होता.

"बाई, तुमी गाडी पाहून राहिल्या का पोरीची परीक्षा घेऊन राहिल्या?"

मी त्याला सांगितलं.  परत आल्यावर तो म्हणाला, "मंग ही नका घेऊ." मला त्याचा राग यायला हवा होता की त्याच्या पाया पडायला हवं होतं, तेव्हा कळलं नाही. त्यानंतरच्या चार गाड्यांतही तीन-चारच्या पुढे कडी गेली नाही.

मग नवऱ्याला तेल्हाऱ्याच्या एका कास्तकाराची जीप विकायची आहे असं कळलं. मी नको म्हटलं. "निस्ती पाहून येऊ," तो म्हणाला. जीप हिरवी होती, वर ताडपत्री, दारं नाहीतच. इंजिन सुरू झालं तसं माझंच बोलणं मला ऐकू येईना. कपाशीच्या शेताकडेच्या रस्त्याने आम्ही निघालो. मी "आ" म्हटलं, ओरडून म्हटलं. एकही कडी नाही. लेकीने चकती काढून माझ्या हातात दिली, पुढे वाकली, आणि दोन्ही तळहात समोरच्या पत्र्यावर टेकवले. इंजिनाची थरथर तिच्या हातांत गेली असावी. ती हसायला लागली. अशी हसली की नवऱ्याने गाडी हळू करून मागे पाहिलं. आमच्या घरात तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर कास्तकार चहा सांगायला घरात गेला. नवरा बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

"हेच घेऊ," तो म्हणाला.

"एक कडी नाही टाकली तिनं."

"मले माईत आहे. मी पाहून राहिलो होतो आरशात."  "दवाखाना, मशीन, क्लास, कड्या. तिले एक तरी गोष्ट निस्ती आवडू दे ना."

"सात महिने उरले," मी म्हटलं. "आवडीचं मंग पाहू. तिले शब्द कोन देईन, हे जीप?"

"अन् नाही आले शब्द तं?"

हे वाक्य आमच्या दोघांपैकी कोणीच तोवर उच्चारलं नव्हतं. कास्तकार चहा घेऊन आला. आम्ही उभ्या उभ्या प्यायलो आणि निघालो.  परतताना लेक माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्या तळहातांना जीपवरची धूळ होती, ती मी पुसली नाही.

गाडी शेवटी अकोल्यातच मिळाली, जुन्या शहरात. गल्ली इतकी अरुंद की मालकांनी ती बाहेर मोठ्या रस्त्यावर आणून दाखवली. निवृत्त गृहस्थ, बायको गेल्यापासून गाडी फिरवत नव्हते. पेट्रोलची, जड दारांची, मातकट रंगाची, कोणी वळूनही पाहणार नाही अशी. काचा लावल्या की आत घरातल्यासारखं वाटायचं. लेकीने पाच कड्या घातल्या. "स" तेवढा सुटला. नवऱ्याने एकदाच विचारलं, "पक्कं?" मी हो म्हटलं. त्याने सौदा केला. त्या दिवशी त्याच्या तोंडाकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

पण नंतर त्यानेच टायर बदलले, दारांचं रबर बदललं, आणि खाली जाड चटया घातल्या. तीन महिने आम्ही त्या गाडीतून गेलो-आलो, नवरा चालवायचा, मी त्याच्या शेजारी, लेक मागे. लेक चकती काढत नव्हती, एवढंच. दिसेल ते मी बोलत राहायची: बैल, पूल, ट्रक, पाणी. घसा बसायचा. मागून काही येत नव्हतं. एकदा बोरगावजवळ मी बोलता बोलता थांबले आणि रडले. नवऱ्याने मागे न पाहता पुढचं बोलणं सुरू केलं. "ट्रॅक्टर. लाल ट्रॅक्टर. कापूस घेऊन चालला."

एक दिवस पेट्रोल भरायला उजवीकडे वळायचं होतं. समोरून गाड्या येत होत्या, म्हणून तो इंडिकेटर लावून थांबला. गाडीत शांतता होती. मागून आवाज आला, "टक."

मी वळून पाहिलं. लेक पुढे बघत होती. "टक. टक."

आम्ही तिला हे शिकवलं नव्हतं. मॅडमच्या कड्यांत हा आवाज नव्हता. तिने तो स्वतः ऐकला होता आणि स्वतः उचलला होता. नवऱ्याने इंडिकेटर बंद केला, तशी ती थांबली. लावला, तशी परत, "टक." तो पंपावर वळलाच नाही. सरळ निघाला, इंडिकेटर चालू ठेवून. मागचे ट्रकवाले हॉर्न देत होते, एक जण बाजूला येऊन शिवी देऊन गेला. नवरा डोळे पुसत चालवत होता आणि लेक त्याच्यामागे टकटक करत होती.

मॅडमनी ऐकून घेतलं. "हा शब्द नाही," त्या म्हणाल्या. मग वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "पण येऊ द्या."

लेक पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होईल. "आई" अजून म्हणत नाही. परवा मूर्तिजापूरच्या पुढे तिने आणखी एक आवाज काढला. काय होता ते आम्हाला ओळखता आलं नाही, म्हणून गाडी कडेला घेऊन आम्ही दोघं बराच वेळ तशीच वाट पाहत बसलो.