धावड्याच्या आसातला खिळा

धावड्याचं लाकूड ओलं असतानाच घडवून घ्यावं लागतं. वाळलं की लोखंड होतं, पटाशी परत फिरते. माझा मोठा भाऊ गोंडपिपरीला सुतारकाम करायचा आणि तो वाळलेलाच धावडा घ्यायचा. ताजं लाकूड जंगलातून आणायचं तर परवानगीची भानगड. मोडक्या बैलबंड्या मात्र गावोगाव पडलेल्या. त्यांचे धावड्याचे आस आणायचे, कापायचे आणि लाकूड गरगर फिरवणाऱ्या खराद मशीनवर लाटणी, बत्ते काढायचे. माल वजनदार, गुळगुळीत. विकायचं काम माझ्याकडे, धाकट्या बहिणीकडे.

बंडीच्या लाकडात खिळे असतात, म्हणून प्रत्येक तुकड्यावर तो फुटक्या लाउडस्पीकरचं चुंबक फिरवायचा. त्या दिवशीही फिरवलं. पण खिळा खोल आत मोडलेला होता, वरचं भोक वंगण-मातीनं बुजून लाकडासारखंच काळं झालेलं. पटाशी त्यावर आदळली, तिचं टोक तुटलं आणि त्याच्या उजव्या डोळ्यात गेलं. चष्मा घामामुळे कपाळावर सरकवलेला होता.

मी डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवून पट्टी बांधली. आधार कार्ड, चार्जर, चादर पिशवीत भरली आणि शेजाऱ्याला गाडी काढायला लावली.

चंद्रपूरच्या वाटेवर भाऊ म्हणाला, "त्याले हळू चालवाले सांग. गड्ड्यांनी दुसरा डोळा पडन."

"पट्टी तोंडाले बांधाले पायजे होती," वहिनी म्हणाली. त्याचा हात मात्र तिनं सोडला नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळा काढावा लागेल. ठेवला तर चांगल्या डोळ्यालाही धोका. भावानं त्यांना काही विचारलं नाही. मला विचारलं, "एका डोळ्यानं खराद चालते का?"

"आधी सही कर," मी म्हटलं.

डोळा काढला. जखम भरल्यावर तो मशीनसमोर बसला. पटाशी लाकडाच्या अलीकडेच हवेत थांबली. त्यानं ती पुढे रेटली, तर इतकी घुसली की तुकडा उडून भिंतीवर आदळला. अंतरच कळत नव्हतं. त्यानं दुसरा तुकडा लावला, तेव्हा वहिनीनं बटण बंद केलं.

"होते सवय," तो म्हणाला.

"अन् हाही गेला तर?"

त्यानं पटाशी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, मशीनले गिऱ्हाईक पाह्य."

मी बाहेर येऊन आमचा माल घेणाऱ्या नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. माल येणार नाही, असं सांगितलं आणि का तेही सांगितलं. तो हळहळला. मग म्हणाला, "तिकडे दुसरा कोणी करणारा आहे का?"

नव्हता.